ह्यांनी घेतलेली वेळ

८ जानेवारी
डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं — यापुढे औषध फक्त दुखू नये म्हणून. टॅक्सीत हे म्हणाले, "मी काही महिन्यांत सुटतो. तुझ्या निवृत्तीला अजून चौदा वर्षं. शिक्षा मोठी कुणाची?"
मला हसता आलं नाही. विम्याच्या ऑफिसात लोकांचे दावे नाकारल्याची पत्रं टाइप करते मी. रोज घरी येऊन कुरकुरते. ऐकणारे हेच.

११ जानेवारी
मला न विचारता ह्यांनी करिअर समुपदेशकाकडे वेळ घेतली. माझी! सेहेचाळिसाव्या वर्षी! नणंद फोनवर म्हणाली, "घरात हे असं, आणि तुला करिअर सुचतंय?" ह्यांनी फोन घेतला. "तिला नाही ताई, मला सुचतंय."

१९ जानेवारी
समुपदेशक बाई तिशीच्या. ना परीक्षा, ना उपदेश. विचारलं, "ऑफिसात कोणी न सांगता काय करता?" आठवलं — मोडक्या खुर्च्या. स्क्रू आवळते, उसवलेल्या बैठका शिवते.
"टाकलेली खुर्ची दिसली की हिचा पाय निघत नाही," हे म्हणाले.
बाई म्हणाल्या, "लगेच राजीनामा नको. शनिवारी खुर्च्यांच्या वर्कशॉपमध्ये बसून बघा. आवडलं नाही, तर तेही कळेल."

२ फेब्रुवारी
वेत विणताना बोटं सोलली. कारागीर म्हणाले, "ओढू नका, बसू द्या त्याला."
ह्यांना बोटं दाखवली. ह्यांनी फुंकर घातली. तेवढ्यानेही धाप लागते आता.

५ मार्च
बाईंना पुन्हा भेटले. म्हटलं, घरात आजारी माणूस असताना शनिवारची वाट बघते, लाज वाटते. त्या म्हणाल्या, "दुःख कुठे जात नाही हो. पण उद्या हातांना काहीतरी हवं ना?"
राजीनामा लिहिला. ह्यांनी वाचला, ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक काढली आणि कागद छातीवर ठेवून झोपले.

२१ मार्च
पहाटे गेले.

१६ एप्रिल
नोकरी सुटली, आता रोज वर्कशॉपला जायचं; पण जाववत नव्हतं. नणंद राहायला आली आहे. सकाळी तिनेच चपला पुढे ठेवल्या. "जा. त्याने एवढा हट्ट केला होता." दोघी दारातच रडलो. मग गेले.

२४ एप्रिल
आरामखुर्चीची पाठ विणून झाली. कारागीर दिवे घालवू लागले, तेव्हा मान वर केली.
दुपारभर ह्यांची आठवण आली नाही. एकदाही नाही.