इथलेच का?

२ सप्टेंबर, सोमवार

१. मार्चमध्ये नदीपलीकडे लढाई पेटली. आठ दिवसांत वीस हजार माणसं आपल्या शहरात आली.
२. मे महिन्यात आम्ही फक्त इथल्या गवंड्यांच्या मजुरीची पाहणी केली.
३. जिथे कोणी आलं नाही अशा पाच शहरांचे मजुरीचे आकडे ठरावीक प्रमाणात मिसळून मी आपल्या शहराचं जुळं बनवलं – ती माणसं आली नसती तर इथे काय असतं, ते दाखवणारं.
४. जुळ्याच्या तुलनेत इथली मजुरी अकरा टक्के खाली.

आकडा पक्का आहे. चार तऱ्हांनी तपासला. पुढच्या सोमवारी शहराची समिती त्यावरून ठरवेल, आलेल्यांचे कामाचे परवाने ठेवायचे की काढून घ्यायचे. साहेब खूश – "एका ओळीत बसतो. असाच हवा!"

३ सप्टेंबर

बाबांना सांगितलं. तीस वर्षं गवंडीकाम. म्हणाले, "माझी मजुरी तर आहे तेवढीच आहे. तुझ्या जुळ्या शहरातल्या बाबांना विचार, त्यांना जास्त मिळते का!" आई हसली. मी नाही. एका माणसावरून सरासरी कळत नाही, म्हटलं.

"बरं बाई!"

४ सप्टेंबर

बाबा डबा विसरले. दुपारी बांधकामावर नेऊन दिला. शेजारी एक नवा गवंडी विटा लावत होता. "मार्चमध्ये आलाय," बाबा म्हणाले. "हात बघ त्याचा! पण मुकादम देतो माझ्या पाऊणपट."

तो म्हणाला, "ताई, तुमच्या पाहणीवाल्या बाई मलाही भेटल्या होत्या."

"तुम्हाला? पाहणी तर इथल्यांची होती."

"मग! त्यांनी विचारलं, इथलेच का? म्हटलं, इथलाच. हा काय, समोर राहतो – दुसरा मजला!"

बाबा इतके हसले की थापीवरचा माल खाली पडला.

५ सप्टेंबर

कमी मजुरीवाले नवे लोक 'इथल्यां'त मोजले गेले. सरासरी घसरली – कोणाचीच मजुरी न घसरता!

गेल्या वर्षीच्या पाहणीतही होती तीच माणसं वेगळी काढली. चारशे सहा. जुळ्याशी फरक अर्धा टक्का. म्हणजे नाहीच.

जुळं बरोबर होतं. रीत बरोबर होती.

६ सप्टेंबर

साहेबांच्या टेबलावर ठेवलेली चिठ्ठी, जशीच्या तशी:

"अकरा टक्के चूक आहेत. 'इथलेच का?' हा प्रश्न मीच लिहिला होता. आकडा मागे घेत आहे. नवा सोबत जोडला आहे. समितीपुढे तोच जाईल ना, हे उद्या, शनिवारी दुपारपर्यंत लेखी कळवावे."