बंद लिफ्ट आणि दुधातले विष

३ फेब्रुवारी, सकाळी ९
निवृत्तीला सत्तावन्न दिवस उरले. सेन्सर तयार. कार्बनच्या नॅनोनळ्यांचा लेप दिलेली बोटभर पट्टी दुधात बुडवायची, वीज सोडायची. कीटकनाशक असेल तर पडद्यावरच्या आलेखात ठरल्या जागी शिखर उठते. तर्क निर्दोष आहे.
संकल्प: रोज एक नमुना तपासणे. गुडघ्याची तक्रार न करणे. डॉक्टरांनी पॅरासिटॅमॉलची अर्धीच गोळी सांगितली आहे. गोळीचे समान भाग करायला प्रयोगशाळेतल्या स्पॅच्युलासारखे, म्हणजे पूड उचलायच्या चपट्या चमच्यासारखे साधन नाही.

५ फेब्रुवारी
पहिला नमुना कॅन्टीनच्या दुधाचा. त्याच स्पॅच्युलाने ढवळला. (साधनांचा मितव्यय.) शिखर उठले! सहायिकेने विचारले, सर, ब्लँक घेतलात का, नुसतं शुद्ध पाणी तपासलंत का? तिला सांगितले की ब्लँक नवशिक्यांसाठी असतो. पाण्यात काही नाही हे ठरवायला पाणी तपासणे म्हणजे वेळेचा अपव्यय. ती ‘बरं’ म्हणाली. तिचे ‘बरं’ मला आवडत नाही.

१० फेब्रुवारी
लिफ्ट बंद. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेपर्यंत जिन्याने. अर्धी गोळी पुरेना, चार अर्ध्या झाल्या. दुधातले शिखर दुपटीहून उंच.

११ फेब्रुवारी
लिफ्ट सुरू. अर्धी गोळी. शिखर खाली.

१२ फेब्रुवारी
लिफ्ट बंद. शिखर पुन्हा वर. निष्कर्ष अटळ आहे: लिफ्ट बंद असते त्या दिवशी कॅन्टीनच्या मावशी दुधात अधिक काहीतरी मिसळतात. हेतू अज्ञात. परंतु हेतू अज्ञात असल्याने कृत्य असिद्ध ठरत नाही.
घरी हिला सांगितले. ही म्हणाली, अहो, त्या बाईच्या हातचा चहा वीस वर्षं ढोसताय, चांगले टुणटुणीत आहात की! एका उदाहरणावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे हिला कोण समजावणार?

१४ फेब्रुवारी
लिफ्ट सुरू. चौथ्या मजल्यावर कॅन्टीनमध्ये, भर जेवणाच्या सुट्टीत, टेबलावर चमचा वाजवून जाहीर केले की या दुधात विष आहे. मावशी म्हणाल्या, सर, हेच दूध माझी नात पिते हो. हा भावनिक युक्तिवाद आहे, असे मी त्यांना समजावले. संध्याकाळी संचालकांनी कॅन्टीनला कुलूप लावले. सत्याचा विजय.

१८ फेब्रुवारी
संचालकांसमोर प्रात्यक्षिक. सहायिकेने मला न विचारता नुसते शुद्ध पाणी पुढे ठेवले. मी त्याच स्पॅच्युलाने ढवळले. पट्टी बुडवली.
शिखर उठले.
तिने स्पॅच्युला उजेडात धरला. कडेला पांढरी पूड. मग तिने माझ्या खिशातून डोकावणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटाकडे पाहिले. या गोळीचे शिखरही जवळपास तिथेच उठते. हे मी स्वतः अठ्ठावीस वर्षे शिकवत आलो आहे.
तिने स्पॅच्युला धुवायला घेतला. ‘बरं’सुद्धा न म्हणता.

१९ फेब्रुवारी
कुलूप काढले. लोक वर जातात, आपापला डबा खातात. मावशींच्या चहाला कुणी हात लावत नाही. संचालक म्हणाले, जिथं चमचा वाजवलात तिथंच परत वाजवा, नाहीतर बाईंना गाशा गुंडाळावा लागेल.
माफीचा मसुदा केला. सात मुद्दे. लिफ्ट बंद असल्याने चौथा मजला वैद्यकीयदृष्ट्या अशक्य. उद्या नक्की.

२० फेब्रुवारी
लिफ्ट बंद. मसुदा नऊ मुद्द्यांचा झाला. दुपारी मावशी स्वतः चहा घेऊन खाली आल्या. म्हणाल्या, वर कुणी घेत नाही, ओतून देण्यापेक्षा तुम्ही तरी घ्या. मान वर करता येईना. गुडघा फार दुखतो, असे म्हणालो. खोटे नव्हते. उत्तरही नव्हते.

२१ फेब्रुवारी
लिफ्ट बंद. मसुद्यातला गुडघ्यावर दोष टाकणारा मुद्दा खोडला. उरलेले आठही त्याच्याच आधाराने उभे होते, असे आढळले.

२४ फेब्रुवारी, दुपारी १
लिफ्ट सुरू झाली. मेकॅनिक पाच दिवस चालढकल करत होता. आज मावशींनी त्याला फाटकावरून अक्षरशः धरून आणले, असे सहायिकेने सांगितले. मी बाहेर आलो तर मावशी लिफ्टचे दार धरून उभ्या. म्हणाल्या, या सर, सावकाश, गुडघा सांभाळा. त्यांच्या दुसऱ्या हातात चमचा होता.
दोन मजल्यांना अकरा सेकंद लागतात. तेवढ्यात मला एकही मुद्दा आठवला नाही.