अर्ध्या उंचीचे कार्ड आणि इतर मालमत्ता

मी, किसन जानू तांडेल, वय बावन्न, राहणार सारसोळे गाव, नेरूळ, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अकलेने आणि नवा चष्मा लावून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुरुवारी हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन ठरले आहे, पण झडपेचा आणि डोक्याचा संबंध नाही, हे मी डॉक्टरांना विचारून घेतले आहे. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी पाजलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाल्यास ते खोटे समजावे.

माझी बायको भावना हिचे म्हणणे, "घर माझ्या नावावर करा नि झोपा. एवढी पानं कशाला?" तिचे बरोबर आहे. घर आणि पैसे यांना चार ओळी पुरतात. बाकीची पाने कॉम्प्युटरसाठी आहेत. माझ्यामागे तो भंगाराच्या हातगाडीवर चढू नये, माझी मुलगी रुतिका हिच्याकडे जावा, आणि तिने तो मनापासून घ्यावा, एवढ्यासाठी हे लिहिणे.

कलम १. सारसोळे गावातील घर, तळमजला व वरची खोली, संपूर्णपणे भावनाचे. तिच्या पश्चात रुतिकाचे. खाडीकडच्या भिंतीला वेळच्या वेळी रंग द्यावा. खारा वारा आधी भिंत खातो, मग वायरिंग.

कलम २. बँकेतील ठेव, प्रॉव्हिडंट फंड व विमा भावनाला. नॉमिनी म्हणून सगळीकडे तिचेच नाव आहे. एका ठिकाणी त्यांनी 'भावना'चे 'भवानी' केले होते, ते मी जाऊन दुरुस्त करून आलो. भावनाचे मत, राहू द्यायला हवे होते.

कलम ३. माझा थोरला भाऊ धनेश याला काही नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे मी वाचले, आणि त्याच दिवशी त्याला साक्षीदार करायचे ठरवले. त्याची होडी आहे, जाळी आहेत, त्याला काही कमी नाही. इतकी वर्षे दारावरून जाताना तो माझ्या कॉम्प्युटरकडे बघून विचारत आला, "काय रे किसन, डबा चालू झाला का नाय अजून?" एका गटारीला तर चार माणसांत म्हणाला, "याचा कॉम्प्युटर म्हंजे आमची जुनी होरी. फली बदल, इंजान बदल, नाव तीच." हे मला लागले, कारण त्यात चूक काढता येईना.

कलम ४. जुईनगर स्टेशनाजवळच्या एका दुकानदाराला (नाव लिहीत नाही, भावनाला माहीत आहे) माझा बंद पडलेला जुना पॉवर सप्लाय नेऊन द्यावा. तो रुतिकाच्या देखत म्हणाला होता, "काका, याच्यात गेमिंग? टेन्शन घेऊ नका, नवीन घ्या." ज्याला नवीन घेता येते तो कॉम्प्युटर उघडून तुझ्याकडे येतो का, असे मी त्याला विचारायला हवे होते. विचारले नाही. तेवढे पॉवर सप्लायसोबत विचारावे.

कलम ५. आता कॉम्प्युटर. माझ्या एमआयडीसीतील कंपनीने ऑफिस बदलताना काढून टाकलेले हे मशीन. तब्येतीने बारीक, कपाटातल्या फायलीसारखे उभे राहणारे. रुतिका तेव्हा दहावी देऊन बसली होती. तिच्या मैत्रिणींची ऑनलाइन गेमची टीम होती, पाच जणींची, आणि पाचवी ही. बाकीच्यांच्या घरी चांगली मशीन, हिच्याकडे हे. मी म्हणालो, "जोडून देतो." नवे घ्यायची ऐपत नव्हती, पण जोडायची अक्कल होती. ती मला कोणत्याही क्लासने दिलेली नाही.

रॅमची एक पट्टी होती, तिच्या जागी सारख्या दोन लावल्या. तेवढीच रॅम दोन पट्ट्यांत वाटली की जास्त वेगाने चालते. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झाली होती, ती पुसून नवी लावली. राहिले ग्राफिक्स कार्ड, आणि त्याच्याशिवाय गेम नाही. डबा बारीक, म्हणून कार्ड अर्ध्या उंचीचे हवे. पॉवर सप्लाय अशक्त, म्हणून वेगळी वायर न मागणारे हवे. दोन्ही अटींत बसणारी कार्डे थोडी, आणि त्यामुळे महाग.

इथे आमच्या घराची रीत आडवी आली. आई, पुतळाबाई, नेरूळच्या बाजारात मासे विकायची. घरात काही घ्यायचे निघाले की तिचे एकच उत्तर, "थांब. सांज होउं दे." सकाळी पापलेटाला हात लावू न देणारी बाई सांजेला गिऱ्हाइकाला स्वतः हाक मारते, कारण पाटीतला माल उद्यापर्यंत टिकत नाही. हे शहाणपण आम्हाला दुधाबरोबर मिळाले. फ्रिज मी असाच घेतला, स्कूटर अशीच घेतली. कार्डही असेच घेणार होतो. नवे मॉडेल येईल, जुने नरमेल. रोज जेवणाच्या सुट्टीत भाव बघायचो. भाव चढत गेला. नंतर वापरलेली कार्डेसुद्धा कोऱ्या मालाच्या भावाने जाऊ लागली. मी म्हटले, चढून चढून किती चढेल, सांज तर होईलच.

कार्ड सडत नाही, हे मला फार उशिरा समजले. तोवर मैत्रिणींनी दुसरी पाचवी घेतली होती.

रुतिका रडली नाही, भांडलीही नाही. मला तेव्हा वाटले, पोरगी समजूतदार आहे. ती पुढे शिकली, आज पुण्यात नोकरी करते, आणि गेम खेळत नाही. मी मात्र त्या मशीनपाशी बसत राहिलो. खाडीच्या हवेने रॅमचे सोनेरी दात काळवंडतात, ते खोडरबराने पुसत राहिलो. गेल्या दिवाळीत शेवटी कार्ड घेतले. भाव पडला म्हणून नाही. ऑपरेशनचे कळले म्हणून.

तिला फोन केला. म्हणालो, "कार्ड आलं."

"अरे वा. लावलं?"

"तू आलीस की लावू. मी बसवतो, तू टॉर्च धर."

ती हसली, पण नेहमीसारखी नाही. "पप्पा, मी टॉर्चच धरली ना सगळी वर्षं. एकदा स्क्रू तरी द्यायचा हातात."

"स्क्रू आत पडला असता म्हणजे?"

"पडला असता. काढला असता." मग म्हणाली, "टीमचं सोडा हो. टीम दुसरी पण भेटली असती. मला तुमच्याबरोबर बसून ते जोडायचं होतं. तुमी म्हणायचा, हात नको लावू, तुझ्या बोटाला घाम हाय."

मी म्हणायचो. तिच्या बोटांना खरोखरच घाम असायचा, आणि घामात मीठ असते. पण मला सांगता आले असते, हात पुसून ये. इतके सोपे वाक्य मला सुचले नाही. मी कार्डासाठी थांबलो होतो; ती शेजारी टॉर्च घेऊन कशासाठी थांबली आहे, हे मी कधी विचारले नाही.

कलम ६. कॉम्प्युटर, मॉनिटर, कीबोर्ड, मल्टिमीटर, सोल्डरिंगचे सामान आणि मॅग्नेटवाला स्क्रूड्रायव्हर रुतिकाला. कार्डाचा खोका मी फोडलेला नाही; तोही तिचा. अट एकच, आणि ती तिच्यावर नसून बाकी सर्वांवर आहे: कार्ड तिच्याशिवाय कोणी बसवू नये. मी ऑपरेशनमधून सुखरूप घरी आलो, तरी मीही नाही. तिला ते बसवायचे नसेल, विकायचे असेल, तरी तिला कोणी बोलू नये.

डबा कसा उघडावा, कार्ड कुठून धरावे, खटका कधी ऐकू येतो, हे सगळे मी या कलमाखाली सविस्तर लिहिले होते. ते काढून टाकले आहे. या कलमात सूचना नाहीत.

हा मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. धनेशदादाने सहावे कलम पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाला, "आनि तिनं वाकरा बसवला तं?"

"वाकडं बसलं तर पडद्यावर काही येणार नाही."

"मंग?"

मग ती काढेल आणि पुन्हा बसवेल.

वरील सर्व मजकूर माझा असून खाली माझीच सही आहे.

(सही) किसन जानू तांडेल

किसन तांडेल यांनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही केली.

साक्षीदार १: (सही) धनेश जानू तांडेल, थोरला भाऊ, सारसोळे
साक्षीदार २: (सही) नमिता देवजी भोईर, शेजारी, सारसोळे

ठिकाण: सारसोळे, नेरूळ, नवी मुंबई
दिनांक: १८ जानेवारी २०२६, रविवार