बाभळीचे ठोकळे

दादा, तुमच्या नातीनं जुना ट्रेलर विकत घेतलाय. कांद्याचा नाही, राहायचा. आत दोघींना झोपता येईल एवढा पलंग, शेगडी, खिडक्यांना पडदे. जीपच्या मागं जोडायचा आणि जाईल तिथं मुक्काम करायचा. तुम्ही गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी ती झाली, तिला तुमचा फक्त फोटो माहीत. मैत्रिणीला घेऊन कोकणात जायचं ठरवलं तिनं. घरातले सगळे खाण्यापिण्याचं विचारत होते आणि माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, हा जीपपासून सोडवला की उतारावर थांबणार कशानं?

"दगड लावायचा की, आई," ती म्हणाली.

दगड तर तुम्हीही लावला होता. अवसरीला आपल्या घरापुढचा तो उतार. कांद्याच्या गोण्यांनी भरलेली ट्रॉली तुम्ही ट्रॅक्टरपासून सोडवता, चाकाखाली दगड सरकवता आणि पाणी प्यायला ओट्यावर येता. मी ट्रॉलीमागच्या सावलीत भातुकली मांडून बसलेय. दगड कधी कलंडला, मला कळलंच नाही. आठवतो तो तुमचा हात, दंडाला धरून मला बाजूला फेकणारा, आणि पाठोपाठ बसलेली थोबाडीत. ट्रॉली भिंतीला धडकून थांबली होती. तुमच्या डाव्या पायावरून चाक गेलं होतं, आणि तरी तुम्ही आधी मला मारलंत. "तुला कोनी सांगितलं व्हतं तितं बसाया?" त्यानंतर तुम्हाला क्लच दाबता येईना. ट्रॅक्टर सुटला, मंचरच्या बाजारात तुम्ही चहाची गाडी लावलीत. त्या दिवसाबद्दल आपण दोघं पुन्हा कधीच बोललो नाही. तुमचा माझ्यावर राग आहे, असंच मी धरून चालले.

म्हणून दगड नको म्हटलं आणि मंचरच्या वखारीत जाऊन बाभळीचा ओंडका मागितला, लई टणक पाहिजे म्हणून. वखारवाला हसला. "बैलगाडी काढताय का काय, ताई?" इथं शिनोलीच्या अंगणात बसून मी त्याचे ठोकळे स्वतः कापले. एका बाजूनं तिरपे, चाक त्यांवर चढू बघेल तितकं अडकेल असे. करवतीनं हाताला फोड आले. लेक म्हणाली, "अगं, तयार मिळतात दुकानात." मिळत असतील. मला ते हातानंच करायचे होते.

घरामागच्या उतारावर ट्रेलर सोडवून आम्ही ते लावून बघितले. क्षणभर थांबला. मग मुरमावरून ठोकळेच घसरायला लागले, चाकासकट. लेक खालच्या अंगाला उभी राहून मोबाइलवर फोटो काढत होती. मी धावले, तिला ओढलं, आणि ट्रेलर बांधाला टेकून थांबल्याचा आवाज ऐकता ऐकताच तिच्या थोबाडीत मारली. नोकरी करणाऱ्या, तिशीला आलेल्या पोरीला. ती गाल धरून बघत राहिली. "आई, तू मारलंस मला?"

"घाबरले गं मी," मी म्हटलं. आणि दादा, त्या घडीला मला तुमचा तेव्हाचा चेहरा पुन्हा दिसला. तो राग नव्हताच. इतकी वर्षं मी तो चुकीचा वाचत आले.

ती चिडून निघून जाईल असं वाटलं होतं. तिनं गॅरेजमधून जुन्या टायरची पट्टी आणली. ठोकळ्यांच्या बुडाला ती आम्ही दोघींनी खिळ्यांनी ठोकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्रेलर सोडवला, वरच्या अंगानं दोघींनी जीव खाऊन ढकलला. तसूभरही हलला नाही. तरी मी तिला मागं उभं राहू दिलं नाही.

काल संध्याकाळी तिचा फोन आला, समुद्राजवळून. म्हणाली, "आई, इथं एकदम सपाट आहे. ठोकळे जीपमधून बाहेर काढायची गरजच पडली नाही."

"बरं झालं," मी म्हणाले. तुम्हाला म्हणून सांगते, मला जरा वाईटच वाटलं.