हेलनबाईंच्या रविवारसाठी जागा

३० ऑक्टोबर, गुरुवार

हेलनबाई आल्या. आमची चिन्मयी लीड्सला ज्या टॉमशी लग्न ठरवून बसली आहे, त्याची आई. वय एकाहत्तर, पाठीवर स्वतःची सॅक स्वतः. मुक्काम महिनाभर, जबलपूरलाच. म्हणायला भारत पाहणं. खरं म्हणजे सुनेचं माहेर पाहून राहिल्या, हे न कळण्याइतका मी बावळट नाही. फॅक्टरीत छत्तीस वर्षं माणसं सांभाळली.

संकल्प: महिनाभर आवाज चढवायचा नाही. स्वभावाने मी शांतच. लोक चढवायला लावतात.

चिन्मयीने फोनवर आईला, म्हणजे मीनाक्षीला, सांगितलं म्हणे, बाबांना सांभाळ. मला काहून सांभाळायचं? स्वतः चार वर्षांत घरी फिरकली नाही. मागे तिला एक चापट दिली होती, तेवढं धरून बसली.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

बाईंनी विचारलं, इथे क्वेकर लोकांची सभा कुठे भरते. मला वाटलं त्या नावाच्या ओट्सबद्दल म्हणून राहिल्या. तसं नाही. तो त्यांचा पंथ. पुजारी नाही, मूर्ती नाही, गाणं नाही. रविवारी सगळ्यांनी मिळून तासभर गप्प बसायचं, हीच प्रार्थना. मारामारी, युद्ध, सगळं वर्ज्य. मी म्हटलं, मॅडम, सेम टू सेम मी. मीनाक्षी उठून स्वयंपाकघरात गेली.

त्यांच्या पंथाचं जबलपुरात कोणी सापडलं नाही. बाई म्हणाल्या, एकटं बसता येतं, पण चार माणसांत बसणं वेगळं; परदेशात आल्यावर तर जास्तच लागतं. मी शब्द दिला, रविवारी जागा देतो.

२ नोव्हेंबर, रविवार

कॅन्टोन्मेंटकडच्या एका चर्चमध्ये नेलं. उत्तम गर्दी. पण ढोलक, की-बोर्ड, माइक. बाई आनंदाने बसल्या होत्या, मलाच राहवेना. फादरना सांगायला पुढे गेलो की पाहुण्यांसाठी एक तास गाणं बंद ठेवा. वॉचमनने दंड धरला. 'अंकल, बैठ जाइए,' म्हणे. मी हात उचलला नाही. उचलला गेला. तो कुंड्यांवर पडला, दोन फुटल्या, त्याच्या कोपराला रक्त.

बाईंनी रुमाल काढून त्याच्या हाताला बांधला. परत येताना ऑटोत काही बोलल्या नाहीत. मनातल्या मनात प्रार्थना चालू असावी. म्हणजे एका अर्थी काम झालं.

५ नोव्हेंबर, बुधवार

बीपीची गोळी दुप्पट घेतली. दिवसभर झोप. घरात संपूर्ण शांतता. बाईंना म्हटलं, पाहा, आमच्या घरात तीस वर्षं अशीच शांतता आहे, मीनाक्षी कधी उलट बोलत नाही. त्यांनी मीनाक्षीकडे बराच वेळ पाहिलं. प्रभावित झाल्या.

९ नोव्हेंबर, रविवार

आयडिया एक नंबर होती. बरगीचं धरण, मधोमध नाव, चारी बाजूंनी पाणी. कोण बोलणार? मीनाक्षीलाही नेलं.

नाववाला विष्णू. पाचव्या मिनिटाला त्याच्या मोबाइलवर गाणं. मी हळूच सांगितलं, बंद कर. म्हणाला, 'साहब, गाने के बिना हाथ नहीं चलता.' बाईंनी खूण केली, असू द्या. पण तत्त्वाचा प्रश्न होता. मोबाइल घेतला आणि पाण्यात टाकला.

त्याने मला वल्हं मारलं. मी त्याची मान धरली. नाव एवढी कलली की दोघी खाली बसून फळ्यांना धरून राहिल्या. वल्ह्याचा दुसरा फटका माझ्या भुवईवर बसला. तीन टाके. विष्णूचा एक दात गेला.

काठावर बाईंनी विष्णूची हात जोडून माफी मागितली. यांनी काहून मागायची? मीनाक्षीने पण मागितली. मला तर कोणी विचारलंही नाही, की दुखते का.

१२ नोव्हेंबर, बुधवार

चूक कळली. जागा बाहेर शोधत होतो. आपला हॉल सोळा बाय बारा. परवानगी नको, कोणाच्या नाकदुऱ्या नको. कॉलनीतून सहा लोक पक्के केले. नियम कागदावर लिहून भिंतीला लावले: खोकणे नाही. खुर्ची सरकवणे नाही. मोबाइल बाहेर. बाईंनी वाचले आणि म्हणाल्या, आमच्यात नियम नसतात, बोलावंसं वाटलं तर माणूस बोलतोही. सुरुवातीला सगळे असंच म्हणतात.

१६ नोव्हेंबर, रविवार, रात्री

आधी हे लिहून ठेवतो की माझा इरादा चांगला होता.

अकरा वाजता सगळे बसले. वीस मिनिटं अशी शांतता की भिंतीवरच्या घड्याळाचा मला अभिमान वाटला. मग सुमेधचा मोबाइल वाजला. शेजारचा सुमेध, बँकेत, नागपूरहून नुकताच आला. खिशातच ठेवला होता. 'सॉरी काका, आईचा आहे, ती ॲडमिट आहे,' म्हणत उठला. मला फक्त 'काका' ऐकू आलं. कॉलर धरली, भिंतीला लावलं, एक दिली. नाकातून रक्त आलं. दुसरी उचलली तेव्हा मीनाक्षी मध्ये आली. मध्ये यायचं काय कारण? मी झटकलं. ती टीपॉयवर पडली.

उजवं मनगट. हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

डॉक्टरने विचारलं कसं झालं. मी म्हटलं, घसरली. नेहमी हेच सांगते ती. या वेळी ती म्हणाली, 'घसरले नाही.' एवढंच. बाई तिच्या शेजारी उभ्या होत्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मीनाक्षी दीक्षितपुऱ्याला बहिणीकडे, बेबीताईकडे गेली. बाई पण. बॅग बाईंनी भरली. दोन दिवसांत येईल. तिला माझ्याशिवाय करमत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आली नाही. तीन वेळा फोन केला. बेबीताई म्हणाली, 'तिला तुमच्याशी बोलायचं नाही भाऊजी, जबरदस्ती नका करू.'

चिन्मयीचा फोन आला. मार्चमध्ये लग्न, लीड्सला, त्यांच्याच पद्धतीने: सगळे गप्प बसणार, मग दोघं उभे राहून वचन देणार. आई येणार. मी तारीख विचारली. म्हणाली, 'बाबा, तुमचं नंतर पाहू.' व्हिसाची अडचण असेल.

रात्री भात करायला गेलो. करपला. पातेलं भिंतीवर फेकलं. मग लक्षात आलं, घरात ऐकायला कोणी नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार, दुपारी १२.१०

बेबीताईकडे आज बाईंची सभा भरणार असं कळलं. आमच्या बाईंना जागा मिळाली, तीही मी न शोधता.

इस्त्रीचा शर्ट घातला. दाराशी बऱ्याच चपला. आत दहा-अकरा बायका सतरंजीवर, दोन कॉलनीतल्याच. खिडकीशी सुमेध, नाकावर पट्टी. मीनाक्षी भिंतीला टेकून, प्लास्टरचा हात उशीवर. चेहरा इतका निवांत की मी क्षणभर ओळखलंच नाही.

बेबीताईने अडवलं. बाई म्हणाल्या, येऊ द्या, कोणालाही बसता येतं.

मी दाराजवळ बसलो. डोळे मिटले. ठरवून आलो होतो, एक शब्द बोलायचा नाही, आणि नाही बोललो. खोकलोही नाही. मध्येच कपड्यांची सळसळ ऐकू आली, तरी डोळे उघडले नाहीत. मनात माफीचं एक वाक्य जुळवत होतो. 'तू मध्ये आलीस म्हणून' काढून टाकायला बराच वेळ लागला.

वाक्य तयार झालं, डोळे उघडले. सतरंजी रिकामी. सगळे मागच्या अंगणात, उन्हात, गोल करून बसले होते. मीनाक्षी डोळे मिटून. दार त्यांनी अलगद लोटून घेतलं होतं, फटीतून दिसत होतं.

मी उठलो नाही. उठून कुठे बसायचं ते कळेना.