ऑक्सिजनची जागा

प्रिय ताई,

सासूबाई आंघोळीला गेल्यात. मी बाथरूमच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसलेय. नुसतं पाण्याच्या आवाजाकडे कान लावून बसवत नाही, म्हणून तुला लिहितेय. तू गेल्यापासून काही झालं की मनातल्या मनात तुलाच सांगते. हे मात्र मनात मावत नाही.

गेल्या महिन्यात सासूबाई मरता मरता वाचल्या.

तुला आमचं टेमघरचं बाथरूम आठवतं ना? इवलंसं, आत गॅसचा गीझर. थंडी येते म्हणून ह्यांनी खिडकीला पुठ्ठा ठोकला होता. त्या दिवशी हे दापोड्याला गोदामात ड्युटीवर होते. सासूबाई केस धुवायला गेल्या त्या बाहेर येईनात. हाका मारल्या, दार वाजवलं. शेवटी शेजारच्या शबनमभाभींच्या नवऱ्याने खांदा लावून कडी तोडली. सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या, मान कलंडलेली. भाभी म्हणाल्या, शुगर कम हुई होगी, शक्कर खिलाओ. मी साखरेच्या डब्याकडे धावले.

सायलीने माझा हात धरला. अकरावीतली पोर, पण आवाज अगदी तुझा.

"साखर नको, आई. आजी बेशुद्ध आहे, घशात अडकेल. हा गीझरचा गॅस आहे. आधी तिला बाहेर काढू."

वास तर कसलाच येत नाही, असं मी म्हणाले.

"त्याला वास नसतो."

तिने गीझर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या. आम्ही सगळ्यांनी मिळून सासूबाईंना गॅलरीत आणलं, तिथून रिक्षाने दवाखान्यात. डॉक्टरांनी काही विचारायच्या आत सायलीने बंद बाथरूम आणि गीझर सांगून टाकलं. त्यांनी लगेच ऑक्सिजन लावला. पुढे रक्ताच्या तपासणीत तेच निघालं, कार्बन मोनॉक्साइड. सांगितलंत म्हणून वेळ वाचला, असं डॉक्टर म्हणाले.

हे तुला कुठून कळलं, असं मी सायलीला विचारलं. ती म्हणाली, मावशीने शिकवलं.

मग मला ती दिवाळीची सुट्टी आठवली. तू औषधांनी थकलेली, तरी आमच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून भिजवलेल्या हरभऱ्यांत खराट्याचे हीर खोचत होतीस. दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेतात आणि त्या वाटणीनेच एकमेकांना धरून राहतात, तो सहसंयुज बंध, असं सांगत होतीस. एका कार्बनला दोन्ही बाजूंनी ऑक्सिजन जोडला तर सरळ रेषेतला रेणू, आपण श्वासातून सोडतो तो. बंद जागेत गॅस जळताना हवा पुरली नाही आणि त्यातला एक ऑक्सिजन कमी पडला की उरलेल्या दोघांत तीन बंध होतात, आणि तिसऱ्यासाठी दोन्ही इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच देतो. तरी कार्बनकडे एक जोडी मोकळी राहते. त्या जोडीने तो रक्तातल्या लोहाला घट्ट पकडतो आणि ऑक्सिजनची जागा अडवून बसतो.

हे सगळं मला परवा सायलीने पुन्हा समजावलं. त्या दिवाळीत तू शिकवत होतीस तेव्हा मी तिथेच कोथिंबीर निवडत होते, ताई. मलाही हाताला धरून का नाही गं बसवलंस? वेळ थोडा आहे हे तुला कळलं होतं का?

आता सगळे म्हणतात, सुटलात. मी कुठे सुटलेय? या वायूचा परिणाम काही आठवड्यांनीही दिसू शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलंय. विसरायला होतं, चालताना तोल जातो. त्यामुळे मी सासूबाईंना सारखी विचारते, आज वार कोणता, सकाळी काय खाल्लंत. काल त्यांनी सायलीला माझ्या नावाने हाक मारली. आधीही अशी गल्लत व्हायची का त्यांची? कितीही ताण दिला तरी आठवत नाही.

त्या वैतागल्यात. "मना काय झाला न्हाय," म्हणाल्या. "तूच येडी होशील."

परवाच्या तपासणीत त्या सरळ चालल्या, सगळी उत्तरं बरोबर दिली. डॉक्टर म्हणाले, छान आहे, पुढच्या महिन्यात पुन्हा आणा. तो पुढचा महिना कसा काढायचा?

सायलीही कॉलेजातून फोन करून आजीची आंघोळ झाली का विचारते. एकदा भाजी चिरता चिरता तिने मला विचारलं, "आई, मी तेव्हा कॉलेजात असते तर?" तू काय म्हणाली असतीस?

आमचा गीझर काढलाय, पाणी चुलीवर तापतं, म्हणजे गॅसच्या शेगडीवर, खिडकी उघडी ठेवून. पण या बिल्डिंगमध्ये अजून कितीतरी घरांत तसेच गीझर आहेत, तशाच बंद खिडक्या. दोघींना सांगून बघितलं. इतकी वर्षं काही झालं नाही, म्हणून हसल्या. तू असतीस तर जिन्यात उभी राहून सगळ्यांचा वर्ग घेतला असतास. माझी मात्र चार माणसांसमोर जीभच वळत नाही.

तरी शब्द देते, ताई. या रविवारी मी प्रत्येक दार वाजवणार आहे. बंध सांगताना चुकले तर सायली सुधारेल, पण बोलणार मी. सायली कॉलेजात असेल तेव्हा हे माहीत असलेलं घरात कुणीतरी हवं. ती मी होईन.

तुझी,
बेबी