मंजुळाबाईंनी गोळ्या का सोडल्या

३ डिसेंबर २००१, सोमवार
नाशिक–देवळा, एसटीत उभ्यानेच. गुडघे गेले. नर्सबायांना ट्रेनिंग द्यायचं: पेशंटशी बोलावं कसं. सरावाच्या नाटकात मी टीबीची पेशंट झाले, त्यांच्यातली कमल नर्स.
"बाई, मी गोळ्या सोडल्या."
"मग मरा!"
सगळ्या हसल्या. कमल नाही हसली. जेवताना म्हणाली, "मॅडम, इथं सोपंय. माझी पेशंट मंजुळाबाई खरंच सोडून बसलीय. दोन लेकरं पदरात. सांगून सांगून घसा बसला माझा."
म्हटलं, उद्या मला तिच्याकडे ने.

४ डिसें.
ट्रेनिंग दुपारी आटोपलं. कमलबरोबर मंजुळाबाईकडे. कांदालावणीवरून नुकती आलेली, हात चिखलाचे, खोकत होती. कमलने दारातूनच सुरू केलं, "नियमित औषधोपचार घेणे आवश्यक आहे..." मी तिचा दंड दाबला. थांबली. कमल उंबऱ्याशी बसली. "का सोडल्या गं?"
 मंजुळाबाई पदर तोंडाशी धरून, "लघवी लाल व्हस. रगत जास मन्हं."
गोळीचाच रंग तो! कुणी सांगितलंच नव्हतं तिला. एवढ्याशा गोष्टीपायी...
कमल एकदम अहिराणीत, "रगत नही शे वं माय, गोयीना रंग शे." ही सटाण्याकडची, मला आज कळलं. ड्युटीवर कायम छापील मराठी.
मंजुळाबाईने पदर खाली घेतला. "मंग पहिलेच काबर नही सांगं?"
 

७ डिसें.
ऑफिस. साहेब म्हणाले, पुढच्या बॅचपासून एकच दिवस. औषधांची माहिती ठेवा, बोलण्याचालण्याचं काढा. "बोलता काय सगळ्यांनाच येतं, बाई."
लाल लघवीचं सांगितलं. "मग माहितीपत्रकात एक ओळ घाला की."
मंजुळाबाईला वाचता येत नाही, हे सांगायचंही त्राण उरलं नव्हतं. घरी येऊन तशीच पडले. स्वयंपाक ह्यांनी केला, खिचडी.

१४ डिसें., शुक्र.
कमलचा फोन, स्टँडवरून. थुंकी तपासून डॉक्टरांनी मंजुळाबाईचं औषध नव्याने सुरू केलं. गोळ्या दिवसाआड; सोमवारी दवाखान्यात आली, बुधवारी आली, कमलसमोर घेतल्या. आज नाही. सासू स्टँडवर भेटली, धड सांगत नाही. कमल मंजुळाबाईच्या गावी निघालीय.
मी म्हटलं, "ओरडू नकोस."
"नाही ओरडत. विचारते. पण मॅडम, तिनं खरं कारण सांगितलं आणि माझ्याकडं त्यावर उत्तरच नसलं, तर?"
तेवढ्यात गाडी लागली, तिने फोन ठेवला.